जेवण झकास, खरं बिलातली एक ओळ खटकली

हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढं तिथल्या सप्लायरनी, म्हणजे टेबलावर वाढणाऱ्यानी, सांगितलेलं बी लिहिलंय आणि माझ्या रिव्ह्यूपायी कुणाची नोकरी जायला नको. मटण थाळी, ज्वारीची भाकरी, वर एसी सेक्शन, बाहेर पानटपरी, अशी फॅमिली हॉटेलं बेळगावात आता पैशाला पासरी झालीत, त्यातलंच एक समजा. शनिवारी रात्री आम्ही चौघं गेलो होतो, मी, आमचे हे, सासूबाई आणि पोरगा.

आधी जेवणाचं सांगते. तांबडा रस्सा नुसता रंगाला लाल नाही, मसाला नीट भाजलाय हे वासावरनं कळतं आणि रात्री छातीत जळजळ झाली नाही, हे मोठं सर्टिफिकेट. पांढरा कोमट आला होता, सांगितल्यावर काय कुरकुर न करता गरम करून आणला. सुकं मटण मऊ, खरं पीस मोजून मापून घालतात. सासूबाईंचा शनिवार असतो म्हणून त्यांना व्हेज थाळी घेतली, त्यात भरली वांगी, झुणका, शेंगाची चटणी आणि दही. वांगं खाऊन त्या "बरं झालंय" म्हणाल्या, आमच्या घरात ह्याच्यावर मार्कच नाहीत. शेवटी वाटीत चमचाभर कुंदा देतात, पोरगं त्याच्यावरच खूश.

सर्व्हिस तर एकदम ए वन. आमच्या टेबलाला जो पोरगा होता तो खानापूरकडचा, विशीतला असेल, आणि त्याचं मला खरंच कौतुक वाटलं, शेजारच्या टेबलावर कानडीत "इन्नेनु बेकु सर", आमच्याकडं वळला की "अजून काय आणू काकू", पलीकडं गोव्याची मंडळी बसली होती त्यांच्याशी कोकणी, आणि मधीच आत ऑर्डर ओरडायची ती हिंदीत, कारण कुक बाहेरचा. सासूबाईंना भाकरी चावायला जरा जड जाते हे त्यानं न सांगता ओळखलं आणि दुसरी भाकरी पातळ, तव्यावरनं सरळ ताटात आणून दिली वर "आज्जी, गरम हाय तोवर खावा" म्हणाला. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आता बिल. जेवण 1400 चं झालं, ते मान्य, रेट मेनूकार्डावर लिहिलेत. त्याच्याखाली एक ओळ, "स्टाफ वेल्फेअर 5 टक्के", 70 रुपये. त्याच्याखाली जीएसटी, तो बी 1470 वर लावलेला, म्हणजे त्या 70 वर परत साडेतीन रुपये टॅक्स. मी त्या ओळीवर बोट ठेवून पोराला विचारलं हे काय बाबा, तर तो काय बोलला नाही, नुसती बडीशेपची वाटी उचलून बरोबर त्या ओळीवर ठेवली आणि गल्ल्याकडं बघितलं. मग हळूच "ते मॅनेजरला विचारा काकू".

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला गाइडलाइन काढली की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसरं कुठलं नाव देऊन बी घालायचा नाही, आणि जेवणाच्या बिलात मिसळून एकूण रकमेवर जीएसटी बी लावायचा नाही. म्हणजे ह्या एका ओळीत तिन्ही गोष्टी आल्या बघा. हॉटेलवाल्यांच्या संघटना ह्याच्या विरोधात दिल्ली हायकोर्टात गेल्या, तिथं आधी स्टे मिळाला, मग 28 मार्च 2025 ला कोर्टानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि गाइडलाइन कायम ठेवली, वर दोन्ही संघटनांना एक एक लाखाचा भुर्दंड. काढायला सांगून बी हॉटेलवाले ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन लावता येतो.

खरं इथं फोनबिन लावायची वेळ आली नाही. मॅनेजरला सांगितलं तर त्यानं एक शब्द न बोलता ओळ काढून नवीन बिल छापून दिलं, जेवणाचे 1400 आणि त्यावर जीएसटी 70 असे 1470 रुपये, आणि हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते कारण काही ठिकाणी असं विचारलं की आजूबाजूची माणसं वळून बघतील अशा आवाजात "सत्तर रुपयासाठी मॅडम?" करतात. ह्यानं तसं काय केलं नाही. उलट म्हणाला, मॅडम टीप फक्त सप्लायरला मिळते, आत भांडी घासणाऱ्याला, भाकरी करणाऱ्या मावशीला कोण देतंय, म्हणून सगळ्यांना वाटायला मालकांनी हे चालू केलंय. मुद्दा खोटा नाही. मग मी विचारलं वाटता कधी, कसं, हिशोब कुठं लावता, तर उत्तर आलं "महिन्याच्या शेवटी मालक बघतात". इथं माझी गाडी अडली. सगळ्यांचा पैसा असेल तर सगळ्यांना दिसला पाहिजे की, भिंतीवर एक कागद लावा, ह्या महिन्यात एवढे जमले, एवढ्या जणांत वाटले, झालं.

ह्यावर सुप्रीम कोर्टाचा 2016 चा एक निकाल आहे, तो होता इन्कम टॅक्सच्या भांडणातला, एका मोठ्या हॉटेल कंपनीचा, की गिऱ्हाइकानं कार्डावर दिलेली टीप कंपनीनं कामगारांना वाटली तर तो पगार धरून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात तो टॅक्स, कापायचा काय. कोर्ट म्हणालं तो पगार नाही, टीप गिऱ्हाइकानं कामगाराला दिलेली असते, हॉटेल ती नुसती विश्वस्त म्हणून सांभाळतं. मला ह्यातलं टॅक्सचं काय करायचं नाही, खरं गल्ल्यात पडलेली टीप मालकाची होत नाही एवढं समजायला हे पुरेसं आहे.

हात धुवायच्या बेसिनजवळ एक वयस्कर सप्लायर उभा होता, त्याला सहज विचारलं मामा तुमचं काय म्हणणं. तो म्हणाला, "पयलं माणसं पाच-पन्नास सोडून जायची, आता बिलात लागलंय म्हटल्यावर कोण देतंय ओ, आणि बिलातलं आमच्या हातात किती येतंय ते आमालाच कळत न्हाई." माझी सगळी तक्रार ह्या एका वाक्यात आली. सत्तर रुपये मला जड नाहीत, चौघं जेवून उठलो तर मी तेवढे एरवी बी ठेवतेच. खरं ती ओळ वाचून गिऱ्हाइकाला वाटतं आपण दिलं, सप्लायरला वाटतं गिऱ्हाईक कंजूस, आणि मधी पैसे कुठं गेले ते दोघांना बी माहीत नाही. मालकाचं बरंय, पगार वाढवायचा विषय बी तेवढाच लांबतो.

आणि ती भाकरीवाली मावशी. तिला दरवाज्याजवळच बसवलंय, चूल, परात, पिठाचा डबा, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल असं. सगळे थांबून तिचं रील काढतात, भाकरी फुगली की "वाव" म्हणतात, एक बाई तर लाइट चांगली येईना म्हणून तिलाच जरा इकडं सरका म्हणाली. पैसे मात्र कोण देत नाही, कारण ती टेबलावर येत नाही. मी पन्नासची नोट पुढं केली, तर हात पिठानं भरलेले, तिनं हनुवटीनंच बाजूचा स्टीलचा डबा दाखवला, त्यात घालायला सांगितलं आणि "लेकरू जेवलं काय पोटभर" विचारलं. डब्यात माझ्या आधीची एकच दहाची नोट होती, शनिवारची रात्र, हॉटेल गच्च भरलेलं. व्हिडिओ काढताय तर दहा रुपये घाला की राव त्या डब्यात.

फोनपे-गुगल पे आल्यापासून टीप कमी झाली हे मला तिथंच कळलं. पहिलं कसं, पाचशेची नोट दिली की बडीशेपबरोबर सुट्टे यायचे, त्यातली दहा-वीसची नोट आपसूक ताटलीत राहायची, कुणाला विचार बी करावा लागायचा नाही. आता 1470 म्हणजे 1470, टिंग वाजलं की उठायचं. काही हॉटेलात टेबलावर टीपसाठी वेगळा क्यूआर चिकटवलाय, तो स्कॅन केल्यावर नाव वाचा एकदा, मालकाच्या फर्मचं नाव आलं तर काय उपयोग. सप्लायरचा स्वतःचा नंबर मागावा तर बऱ्याच ठिकाणी ड्युटीवर मोबाइल ठेवू देत नाहीत. म्हणून मी पर्समध्ये वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवते आणि हातात देते, टेबलावर ठेवत नाही, कारण टेबल पुसणारा वेगळा, वाढणारा वेगळा, नोट कुणाला जाईल सांगता येत नाही. टेबल पुसणाऱ्या पोराला वेगळे दहा-वीस, तो तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा.

किती द्यायचे हे मला सगळे विचारतात. टोकन घेऊन उभ्यानं इडली खायची तिथं काय नाही, तिथं वाढतच कोण नाही. उडपी हॉटेलात चहा-डोशाला दहा बास. अशा फॅमिली हॉटेलात चौघांच्या जेवणाला पन्नास ते शंभर मला बरोबर वाटतं, आणि बर्थडेला वीस माणसं घेऊन जायचं, पोरांनी भात खालीवर सांडायचा, केक टेबलाला फासायचा, तर मग तीनशे-चारशे काढायला हात आखडू नये.

ह्यांच्या मित्राचा पोरगा अमेरिकेत आहे, तो इथं येऊन पंधरा-वीस टक्के द्यायला पाहिजे म्हणून आम्हालाच शिकवत होता. तिथलं गणित वेगळं आहे हे कुणी सांगत नाही. तिथं टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं रोख द्यायचा किमान पगार केंद्राच्या कायद्यात तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तेवढाच, आणि बाकीची किमान 7.25 डॉलरपर्यंतची भर टीपमधनं निघते असं धरलेलं, नाही निघाली तर फरक मालकानं द्यायचा. काही राज्यांत जास्त आहे, खरं मूळ रचना ही. म्हणजे तिथं गिऱ्हाईक टीप देत नसून पगारच देतंय. आपल्याकडं टीप धरून किमान पगार कापायची सोय कायद्यात नाही, पगार पूर्ण मालकानं द्यायचा आणि टीप त्याच्या वर, खुशीची. बिलात टक्के छापायला लागलो की आपण बी हळूहळू त्याच रस्त्याला लागणार, मालक इंटरव्ह्यूलाच सांगणार की पगार कमी आहे खरं टीप चांगली मिळते. काही ठिकाणी सांगायला लागलेत बी.

अजून एक, राग येईल काहींना. जेवण बिघडलं तर सप्लायरची टीप कापणं मला पटत नाही, मीठ त्यानं घातलेलं नसतं. आणि रात्रभर "ए, इकडं ये रे" करून जाताना शंभरची नोट टाकणारे बी बघितलेत, त्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर एक होतेच, पोराच्या बापाच्या वयाचे, चुटकी वाजवून बोलवत होते. तो शंभर घेतो, हसतो बी, घर चालवायचंय त्याला. गोव्याच्या गाड्या आल्या की सप्लायर तिकडंच पळतात, आपल्याकडं बघत नाहीत, अशी आपल्या लोकांची नेहमीची रड असते. पळणारच की, ते लोक हात सैल सोडतात आणि आपण पाण्याची बाटली नको, साधं पाणी आण म्हणून तीन वेळा उठवतो. तरी आमच्या पोरानं आमच्याकडं काय कमी केलं नाही हे सांगायला पाहिजे.

माझे मार्क: जेवणाला पाचात चार, पांढऱ्याचा एक कापला. सर्व्हिसला पाचात पाच. बिलाला दोन, आणि ते दोन बी मॅनेजर सभ्यपणे बोलला म्हणून. ती ओळ काढून भिंतीवर हिशोबाचा कागद लावला तर मी स्वतः येऊन रिव्ह्यू बदलते. पार्किंग रस्त्यावरच आहे, शनिवारी आठच्या आत पोचा. एसी सेक्शनला रेट वेगळे आहेत, बसायच्या आधी विचारा. आणि सुट्टे घरातनंच घेऊन जावा, गल्ल्यावर शंभरचे मागितले तर नाही म्हणतात, "स्कॅन करा की मॅडम" हेच उत्तर.