कोळ्यांचे स्टॅक: डेप्थ मॅप की पिरॅमिड?

फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या अनेक फ्रेममधले रेखीव भाग जोडून एकच फोटो करायचा, म्हणजे स्टॅक करायचं. त्यासाठीच्या झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये डेप्थ मॅपला डीमॅप आणि पिरॅमिडला पीमॅक्स म्हणतात, हेलिकॉन फोकसमध्ये बी आणि सी. नावं निराळी, पण कोळ्यांचे फोटो स्टॅक करताना निवड होते ती या दोन पद्धतींतच.

रंगांच्या बाबतीत डेप्थ मॅप उजवा, यात वाद नाही. फोटोतला एखादा भाग ज्या फ्रेममध्ये सर्वांत रेखीव, तिथलाच पिक्सेल तो उचलतो. त्यामुळे क्रॅब स्पायडरच्या पोटाची मऊ पिवळी छटा जशीच्या तशी राहते. पिरॅमिड सगळ्या फ्रेममधले बारीक तपशील एकत्र मिसळतो; त्यात कॉन्ट्रास्ट वाढतो, नॉइजही (फोटोतले दाणे) साठत जातो. पोफळीच्या बागेतल्या अंधूक उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवावा लागला की हे चांगलंच जाणवतं.

तरी मी पिरॅमिडकडे वळलो, ते लिंक्स स्पायडरच्या काट्यांमुळे. काजूच्या पानावर हिरवा लिंक्स बसलेला, पुढचा पाय तोंडावरून आडवा. 1:1 ला (कोळी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा) एफ/8 वरही फोकसची खोली जेमतेम मिलिमीटरभर, म्हणजे पायावरचे काळे काटे एका फ्रेममध्ये आणि डोळे दुसऱ्याच. डेप्थ मॅप एका जागी एकच खोली मानतो. काटा धरला तर डोळ्यापाशी धूसर वलय, डोळा धरला तर काटा मध्येच तुटलेला. मग मूळ फ्रेममधून ब्रशने एकेक काटा भरत बसायचं, आणि एवढं करूनही तिथे हात फिरलाय हे कळतंच. रेडियस (रेखीवपणा किती मोठ्या भागात तपासायचा ते माप) कमी करून पाहा: काटे सुधारतात, पण मागची हिरवाई डागाळते. पिरॅमिडमध्ये तेच काटे टोकापर्यंत अखंड येतात.

वाऱ्याचं मात्र उलट. खारे वारे सुटायच्या आत, सकाळीच काम उरकलेलं बरं. कारण मध्येच पाय हलला तर पिरॅमिडमध्ये तो दोनदा उमटतो. तिथे डेप्थ मॅप थोडं सांभाळून घेतो, असा माझा तरी अनुभव आहे. (हालचाल टाळायला काही जण कोळी फ्रिजमध्ये गारठवतात. कृपा करून तसं करू नका. पहाटे तो आपणहूनच शांत असतो.)

गोगलगायी, भुंगेरे असे गुळगुळीत विषय जास्त असतील तर डेप्थ मॅपने तुमचं भागेल. केसाळ, काटेरी कोळी असतील तर पाया पिरॅमिडचा धरा आणि पोट व पार्श्वभूमी तेवढी डेप्थ मॅपमधून ब्रशने उतरवून घ्या. दोन्ही आउटपुट काढायला वेळ लागतो खरा, पण काटे भरत बसण्यापेक्षा कमीच.