किमोच्या खुर्चीत काय बरे: कानातला आवाज की डोळ्यांवरचा हेडसेट?

अक्काची किमो बेळगावात चालू होती, तेव्हा खानापूरहून निघतानाच तिचे हातपाय गार पडत. डॉक्टरांना विचारून आम्ही दोन उपाय वापरले: इअरफोनवर ऐकायचे शिथिलीकरण आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट, म्हणजे डोळे पूर्ण झाकून सभोवार वेगळेच दृश्य दाखवणारा जाड चष्मा. दोन्ही औषधांच्या जोडीने करायचे आहेत, औषधांऐवजी नव्हे.

ऐकण्याच्या उपायाला खर्च जवळजवळ नाही. एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत कोणालाही शिकता येते. शिवाय आवाज आपल्या माणसाचा ठेवता येतो. भाच्याने आमच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून दिलेल्या सूचनांनी अक्काला रात्री झोप लागत असे. हेडसेटमध्ये आम्हाला मिळालेल्या कार्यक्रमांत इंग्रजी निवेदन होते, ते बंद करून नुसते दृश्य ठेवावे लागले.

वॉर्डात मात्र चित्र पालटले. डोळे मिटायला सांगितले की अक्का मिटायची आणि लगेच उघडून सलाईनच्या नळीकडे पाहायची. तिच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन होते आणि ते लालभडक असते. ते नळीतून हाताकडे सरकताना दिसले की तिच्या पोटात ढवळू लागे. पुढे पुढे तर औषध सुरू होण्याआधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासानेही. आधीच्या खेपांचा त्रास अशा दृश्यांशी आणि वासांशी मनात जोडला गेला की ही आगाऊ मळमळ होते, आणि उलटीवरची नेहमीची औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत. कानातला आवाज कितीही मृदू असला तरी नजर मोकळीच राहते, आणि माझ्यापुरता निर्णय याच एका अडचणीने केला. हेडसेट लावल्यावर नळी, बाटली, शेजारच्या खुर्च्या, सारे दृष्टीआड झाले. तळ्याकाठची झाडे पाहता पाहता तिचे आवळलेले खांदे सैलावले, आणि औषध संपल्याचे सिस्टरनी सांगितले तेव्हा तिला ते खरे वाटेना.

श्नायडर आणि हूड या संशोधकांच्या २००७ सालच्या अभ्यासातही किमो घेणाऱ्या रुग्णांना हेडसेटमुळे वेळ कमी लागल्यासारखा वाटला होता, आणि ८२ टक्क्यांनी तो पुन्हा वापरण्याची तयारी दाखवली होती; मात्र लक्षणांच्या त्रासात ठळक फरक आढळला नव्हता. तेव्हा कठीण तास निभावून जावा, एवढीच अपेक्षा धरणे योग्य, असे मला वाटते.

हेडसेटच्या अडचणीही आहेत. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि केस गेलेल्या डोक्याला पट्टा रुततो, म्हणून आत सुती रुमाल बांधावा. पांढऱ्या पेशी कमी असताना चेहऱ्याला टेकणारा भाग दर वेळी निर्जंतुक करावा. सुई असलेल्या हाताने रिमोट चालवणे नको, सोबतच्या माणसाने आधीच सुरू करून द्यावे, आणि हात लावण्यापूर्वी हाक मारण्याची विनंती सिस्टरना करावी. कॅमेरा फिरणारी दृश्ये टाळावीत. फिट येत असेल किंवा मेंदूत गाठ असेल, तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय हेडसेट लावू नये. मोबाईल खोक्यात सरकवून वापरायचा स्वस्त प्रकार मी सुचवणार नाही. मान वळवली की त्यात दृश्य मागे रेंगाळते, आणि मळमळणाऱ्या माणसाला ते सोसत नाही.

ज्यांची भीती रात्री घरी दाटते, त्यांना ऐकण्याचा उपाय बहुधा पुरेल. ज्यांची नजर नळीवरून हटत नाही, त्यांच्यासाठी ओळखीतल्या एखाद्या गेम खेळणाऱ्या मुलाकडून हेडसेट एका खेपेपुरता मागून पाहावा. आम्हीही आधी मागूनच आणला होता. पुढच्या खेपांसाठी विकत घेतला.