परसातलं तळं, यूव्ही दिवा आणि गाळावरची पावडर: नऊ महिन्यांनंतर

परसातल्या माशांच्या तळ्याचं हिरवं पाणी साफ करायला यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवला. सहाव्या दिवशी पाणी काचेसारखं झालं, आणि त्याच दिवशी मला पहिल्यांदा तळ दिसला. चार बोटं काळा गाळ. तोवर हिरव्या पाण्याने तो झाकून ठेवला होता. म्हणून ‘दिवा घ्यावा का’ एवढंच ज्यांनी विचारलं त्यांना थोडक्यात उत्तर: दिवा चांगला आहे, पण मी तो चुकीच्या क्रमाने घेतला. आधी गाळाचं बघायला हवं होतं.

माप सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. तळं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल; पाणी अंदाजे ५ हजार लिटर. शेततळ्याला अस्तर टाकलं तेव्हा ५०० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकचा एक तुकडा उरला होता, तो घरामागे खड्डा खणून अंथरला. नऊ कोई (रंगीत शोभेचे मासे), पाच गोल्डफिश. गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, घरची केळी, पाणी बोअरचं आणि कधीमधी ग्रामपंचायतीच्या नळाचं. तळं आता दीड वर्षाचं आहे. कडुनिंबाच्या सावलीत खणलं, तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं झाडतो हे जन्मापासून माहीत असून खड्डा खणताना आठवलं नाही. ती सगळी पानं तळाशी.

मार्चमध्ये पाणी असं हिरवं झालं की मासा वीतभर खाली गेला की दिसेना. आई भांडी घासताना म्हणायची, “तू मासे पायतो का शेवाय?”

आमच्याकडे शेवाळाशी लढायचा अनुभव घरोघरी आहे, तो ठिबक सिंचनामुळे. लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळीत, शेवाळ धरलं की क्लोरीन सोडायचं, ड्रिपरमध्ये क्षार बसले की अ‍ॅसिड. हात तिकडेच जातो. कृषी केंद्रात विचारलं तर सल्ला मिळाला, “भाऊ, मोरचूद टाका, दोन दिवसांत साफ.” मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार; पिकावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी तो घरात पडलेलाच होता. टाकलं नाही हे नशीब. तांबं शेवाळाला मारतं तसं माशालाही मारतं, आणि समजा मासा त्यातून वाचला तरी एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. क्लोरीनचं तर विचारूच नका. ठिबकच्या नळीत जीव नसतो, तळ्यात असतो, एवढाच फरक आहे पण तो पुरेसा आहे.

मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी १८ वॅटचा यूव्ही क्लॅरिफायर, म्हणजे हा दिवा, घेतला, सोबत तासाला ३ हजार लिटरचा, ४० वॅटचा पंप. दोन तासांच्या आत सगळं पाणी एकदा दिव्यासमोरून जातं. कंपन्यांची नावं देत नाही. माझ्या चुकांचा दोष कुणाच्या माथी नको, आणि फुकटची जाहिरातही नको.

दिव्याबद्दल जे कळलं ते असं. पाणी हिरवं करणारं शेवाळ एकेका पेशीचं असतं, तरंगत असतं, पाण्याबरोबर दिव्यापर्यंत जातं आणि तिथे मार खातं. अस्तराला धरलेलं, केसासारखं लांब वाढणारं शेवाळ जागचं हलत नाही, त्यामुळे दिव्याला ते दिसतच नाही. उलट पाणी स्वच्छ झाल्यावर ऊन थेट तळापर्यंत पोचलं आणि मे महिन्यात तंतूचं शेवाळ असं माजलं की काठीला गुंडाळून बादल्या भरून काढलं. गाळावर तर दिव्याचा काडीचा परिणाम नाही. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तरी तेव्हा मी वाचलं नसतं.

आणखी एक. दिव्यावर काचेची नळी असते, क्वार्ट्झची. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे दीड महिन्यात तिच्यावर पांढरा थर चढला आणि पाणी पुन्हा हिरवट दिसू लागलं. मला वाटलं दिवा गेला. लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवलं आणि फडक्याने पुसलं, थर निघाला. आता दर महिन्याला करतो. ट्यूब वर्षभर सतत चालली की निळी पेटलेली दिसते पण आतला यूव्ही बराच उतरलेला असतो. साधारण ८ ते ९ हजार तासांनी बदलायची. पेटलेल्या ट्यूबकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, पोरांना तर अजिबात बघू देऊ नका.

मग गाळ. गाळ खाणाऱ्या बॅसिलस जिवाणूंची पावडर मिळते, अर्ध्या किलोचं पाकीट. दुकानदार म्हणाला महिन्यात तळ स्वच्छ. पाकिटावर एक चांगली सूचना होती: पावडर टाकल्यावर दोन दिवस यूव्ही बंद ठेवा. बरोबरच आहे, दिव्यासमोरून जाणाऱ्यात कोण आपला आणि कोण परका हे त्याला कळत नाही. ही सूचना मी पाळली. चूक दुसरीकडे केली.

शेतात जिवाणू खतं गुळाच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाढवायची सवय. तेच इथे केलं. दहा लिटरच्या बादलीत अर्धा किलो गूळ, पावडर, रात्रभर आंबवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी बादली तळ्यात. मे महिना, दिवसा ४४-४५ अंश, तळ्याचं पाणी ३३. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसातच. त्यात गूळ खाऊन माजलेले जिवाणू श्वास घेणार, रात्री शेवाळही ऑक्सिजन बनवायचं सोडून वापरायला लागतं, आणि त्याच रात्री दोन ते पाच लाईट गेली. पंप बंद. पहाटे बघतो तर सगळे मासे वर तोंड काढून फुरफुर करताहेत. बादलीने पाणी उंचावरून ओतत तासभर हवा दिली. तरी दोन कोई गेले, त्यातला एक पांढरा-केशरी, धाकटीचा लाडका. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

पावडरचा यात दोष नाही. ती हवा असलेल्या पाण्यात काम करते आणि काम करताना हवा खाते, हे मला समजून घ्यायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी जळगावहून ३५ वॅटचा एअर पंप आणला, दोन एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे दगड), आणि तो इन्व्हर्टरवर जोडला. पाण्याचा पंप बंद पडला तर चालेल, हवा बंद पडून चालणार नाही. माझ्या सगळ्या खरेदीत पहिली व्हायला हवी होती ती ही, आणि झाली शेवटी.

हवा आल्यावर मात्र पावडरने काम दाखवलं. गूळ नाही, नुसती पावडर तळ्याच्याच पाण्यात कालवून सकाळी टाकायची, आठवड्यातून एकदा. मी काठीवर खुणा करून मापत होतो. जूनमध्ये चार बोटं, ऑगस्टमध्ये अडीच, दिवाळीला दीड. कुजलेल्या अंड्याचा वास पंधरा दिवसांत गेला, आणि माझ्या मते पावडर आणि हवा दोघांचा खरा गुण तोच. तो वास म्हणजे तळाशी हवेशिवाय कुजणं चाललंय, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो माशांना विषारी. पण “महिन्यात तळ स्वच्छ” हे साफ खोटं. माती, वाळू, कडुनिंबाच्या काड्या जिवाणू खात नाहीत. पंपाचा प्रवाह पोचत नाही त्या ईशान्य कोपऱ्यात गाळ जूनमध्ये होता तेवढाच दिवाळीला होता.

तो कोपरा शेवटी दोन इंची पाइपाने ओढून काढला. घरामागचा उतार केळीकडे आहे, त्यामुळे मोटर न लावता सायफनने पाणी उतरतं. एका वेळी पाचव्या भागापेक्षा जास्त पाणी काढत नाही. काळं पाणी आईच्या अळूला आणि बांधावरच्या केळीला. एक दिवस वास येतो, मग अळूची पानं सुपाएवढी. आईचं शेवाळावरचं मत तेव्हापासून जरा नरमलंय.

पण सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर विकत न घेतलेल्या वस्तूने. खत सोडायचे दोनशे लिटरचे दोन जुने ड्रम होते, त्यांचा फिल्टर केला. पहिल्यात तळ्याचं पाणी कडेने तिरकं सोडलं की ते गोल फिरतं आणि जड घाण मध्ये खाली बसते. तळाला व्हॉल्व्ह लावलाय, दर रविवारी दोन मिनिटं उघडतो. शेतावर वाळूचा फिल्टर उलटं पाणी सोडून धुतो तसंच. दुसऱ्या ड्रममध्ये कांद्याच्या जाळीच्या गोण्या, आणि त्यात १६ एमएमच्या जुन्या लॅटरलचे इंच-इंच तुकडे करून भरलेत. नळी हलकी, तरंगते, म्हणून गोण्यांवर दगड. त्या तुकड्यांच्या आत-बाहेर जिवाणूंचा थर धरतो आणि माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतो. थर धरायला दीड महिना लागला. या गोण्या नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत. पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जोरात टाकते, त्या पाण्याने मी एकदा धुतल्या आणि महिन्याभराचा थर गेला. आता तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत हलवून काढतो.

उरलं नायट्रेट, म्हणजे पिकाचं नत्रच की. शेवाळ त्यावरच वाढतं. युरिया टाकून पिकाला ‘वाढू नको’ म्हणण्यातला प्रकार मी वर्षभर करत होतो, कारण दिवसातून दोनदा मूठभर खाद्य टाकायचो आणि पोरं तिसऱ्यांदा. आता चार मिनिटांत संपेल एवढंच, एकदा. मे महिन्यात दुपारी काही नाही. थंडीत पाणी १५-१६ अंशांवर आलं तेव्हा दिवसाआड. दुसऱ्या ड्रमच्या वरच्या भागात जलपर्णी ठेवलीय, ती नत्र ओढते; आठवड्याला अर्धी काढून उकिरड्यावर. तळ्यात सोडली तर कोई मुळं कुरतडतात, आणि नाल्यात गेली तर काय होतं ते कुठल्याही गावाजवळच्या डबक्यात दिसेल, तेव्हा ती बाहेर टाकू नका.

पावसाळ्याची एक गोष्ट राहिली. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात अंगणातलं पाणी, गोठ्याकडचं शेण धुवून आलेलं, सरळ तळ्यात उतरलं. एका रात्रीत दोन महिन्यांचं काम पाण्यात. चारी बाजूंनी दोन विटांची कड बांधली, खर्च जवळपास काहीच नाही.

वर ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट टाकलीय, रोपवाटिकेतली उरलेली. तंतूचं शेवाळ निम्म्याने तरी कमी झालं, कडुनिंबाची पानंही वरच अडतात. बायको म्हणते तळं झाकलंय का मासे लपवलेत. दिसायला वाईट आहे हे कबूल.

विजेचं सांगायचं तर पंप, दिवा आणि हवा मिळून दिवसाला सव्वादोन युनिट, महिन्याला सत्तरच्या आत. थंडीत दिवा रात्री बंद ठेवायचा प्रयोग चालू आहे, तीन आठवडे झाले, पाणी अजून स्वच्छ आहे. पावडरचं चौथं पाकीट निम्मं उरलंय. ते संपलं की उन्हाळ्यापर्यंत नवीन आणणार नाही, कारण थंड पाण्यात तिचं काम मंदावलेलं दिसतंय आणि ती मला महाग पडते.

गुण द्यायचे तर एअर पंप दहापैकी नऊ, एक गुण घरघरीसाठी कापला, तो माझ्या खिडकीखाली आहे. यूव्ही सात. पावडर सहा, गूळ न घालता. ड्रमना गुण देत नाही, ते घरचे आहेत. पहिल्या ड्रमचा व्हॉल्व्ह थोडा गळतो, टेफ्लॉन टेप दोनदा लावली तरी. रविवारी तो बदलायचाय.