उजनीच्या मरळीसाठी रबरी बेडूक : घ्यावा का?

हा पोकळ रबरी बेडूक म्हणजे गळाचं खोटं आमिष. अमेरिकेतल्या बास माशासाठी निघालेला हा बेडूक सोलापुरात दुकानात मिळतो तो साधारण १२ ग्रॅमचा. उजनी धरणात बास नाही, पण जलपर्णीत दबा धरणारी मरळ त्यावर तशीच झडप घालते. दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून शेवाळात अडकत नाही. इथं तो पैसे वसूल करतो.

खोड एकच, पण मोठी : गळ अंगाला फारच चिकटलेले येतात, मासा तोंडात घेतो आणि सुटतो. पक्कडीने ते किंचित बाहेर वाकवा. रबर दाबून पाहा. कडक असेल तर सरळ परत ठेवा. पाय लांब असतील तर थोडे कापा, नाहीतर मासा नुसतेच पाय ओढतो. पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नका. दोरा ताणला जाऊ द्या, मग जोरात ओढा. ४० पौंड ताण सोसणारा विणलेला दोरा आणि सात फुटी ताठ काठी हवीच. साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) ओढला की लांबतो, गळ रुततच नाही.

पोटात पाणी शिरतं, अधूनमधून पिळून काढा. पावसाळ्यात मरळीच्या पिलांच्या लाल थव्यावर मात्र टाकू नये.