येझदीचं 'फुल इंजिन किट': खोक्यातलं काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

बंद पडून वर्षानुवर्षं जिन्याखाली धूळ खात असलेली येझदी मोटरसायकल घरीच उघडायची ठरली, की पार्टवाला पहिल्यांदा एक खोकं पुढे करतो. फुल इंजिन किट. त्यात पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी), सर्क्लिप (ती पिन जागेवर धरणारी कडी), कनेक्टिंग रॉडचा संच, क्रँकच्या बेअरिंगा, ऑइल सील, सगळी गॅस्केटं आणि क्लचच्या कॉर्क प्लेटा येतात. सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि सगळं एका जागी मिळतं, म्हणून मोह होतो. हे परीक्षण अशा बिननावाच्या किंवा कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या खोक्यांचं आहे. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्यामुळे आज मिळतो तो एकतर नकलेचा माल, नाहीतर कुणाच्या माळ्यावर पडून राहिलेला जुना कंपनीचा. गेल्या काही वर्षांत जावा-येझदी नावाने पुन्हा आलेल्या गाड्या फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड आहेत. त्यांच्या शोरूममध्ये जुन्या टू-स्ट्रोकचं काही विचारू नका.

निकाल आधीच सांगतो. खोक्यातला साधारण अर्धा माल वापरण्याजोगा असतो, आणि जो अर्धा वाईट तो नेमका इंजिनाच्या सर्वांत आत बसतो.

सुरुवात ऑइल सीलपासून, कारण घरी केलेली निम्मी इंजिनं इथेच फसतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हवाबंद असावी लागते, पिस्टन खाली येताना तिथेच मिश्रण दाबलं जातं. क्लचच्या बाजूचं सील गेलं, की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. पांढुरका-निळसर धूर थांबत नाही, प्लग काळा ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी काही गळती न दिसता खाली जाते. पॉइंटच्या, म्हणजे स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांच्या, बाजूचं सील गेलं, तर उलट बाहेरची हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा आवाज लवकर खाली बसत नाही, आणि चढावर पिस्टन तापून सीझ होतो. मग दोष कार्ब्युरेटरला दिला जातो आणि जेट बदलत बसतात.

किटमधल्या सीलचा रबर बहुतेक वेळा कडक असतो. सीलचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी कड, नखाने दाबा. लगेच परत यायला हवा. ओठामागची गोल स्प्रिंग सैल फिरत असेल तर ते सील बाजूला ठेवा. इथे 'जुना कंपनीचाच माल घ्या' हा नेहमीचा सल्ला चक्क चुकीचा आहे. पॅकिंग कितीही अस्सल असलं तरी आतला रबर सुमारे तीस वर्षांचा तरी असतो, आणि रबर खोक्यात पडून पडूनही म्हातारा होतो. सरळ उपाय असा: काढलेल्या सीलवरची मापं वाचा, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळी मिलिमीटरमध्ये, आणि बेअरिंगच्या चांगल्या दुकानातून त्या मापाचं नामांकित कंपनीचं सील घ्या. मिळालं तर व्हायटॉन रबराचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यापुढे साध्या नायट्राइल रबरापेक्षा व्हायटॉन जास्त टिकतं. जुनं सील काढण्याआधी त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, त्याचा फोटो घेऊन ठेवा.

नवं सील लावूनही गळत असेल तर क्रँकच्या दांड्यावर बोट फिरवा. जुन्या ओठाने तिथे बारीक खाच पाडलेली असते. अशा वेळी सील मूळ जागेपेक्षा मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवलं, की ओठ कोऱ्या पृष्ठभागावर येतो. खाच खोल असेल तर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवावी लागते.

बेअरिंगांबद्दल फार बोलायला नको: किटमधल्या घेऊच नका. क्रँकला सी३ खुणेची बेअरिंग लागते, म्हणजे आतल्या गोळ्यांना थोडी जास्त मोकळीक असलेली. बेअरिंग दांड्यावर आणि केसमध्ये घट्ट बसवलेलं असतं, आणि चालत्या इंजिनात त्याची आतली कडी बाहेरच्यापेक्षा जास्त तापून फुगते. साधं बेअरिंग त्यात आवळलं जातं. किटमध्ये सी३ ची खूण क्वचितच दिसते. जुन्या बेअरिंगवरचा नंबर आणि सी३, एवढं चिठ्ठीवर लिहा आणि अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, कारण या धंद्यात नकली मालही भरपूर आहे. बसवताना क्रँककेस शंभर अंशांच्या आसपास तापवा आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग ते हाताने बसतं. हातोडी लागतेय असं वाटलं तर केस पुन्हा तापवा.

आता पिस्टन. हा किटचा त्यातल्या त्यात बरा भाग. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५. ओव्हरसाइझ पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. गडबड इथे होते: पिस्टनच्या डोक्यावर ६५.५० कोरलेलं असतं आणि लेथवाला सिलिंडर तेवढाच फाडतो. कोरलेल्या आकड्यावर जायचंच नाही. मायक्रोमीटर घ्या, गजन पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराच्या, टोकाजवळ पिस्टन मोजा, आणि त्यात ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर मिळवून बोअर करायला सांगा. स्वस्त पिस्टनमध्ये सिलिकॉन कमी असलं तर तो तापल्यावर जास्त फुगतो. अशा पिस्टनला ०.०५ वर बसवलं तर पहिल्याच लांब फेरीत तो अडकतो. उलट ०.१२ च्या पुढे गेलात तर थंड इंजिनात पिस्टन खडखडतो. म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर लेथवर द्यायचा नाही, दुकानदाराने "उद्या देतो" म्हटलं तरी.

बोअरिंग झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा सुरीसारख्या होतात. त्यांना अर्धा मिलिमीटरची उतरण द्यावी लागते. हे काम लेथवाला सांगितल्याशिवाय करत नाही, कारण त्याच्याकडे रोज येणारे सिलिंडर बहुतेक फोर-स्ट्रोकचे असतात. उतरण नसेल तर रिंग पोर्टच्या खिडकीत अडकते, तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरभर चरे पाडतो. होनिंगनंतर, म्हणजे आतली भिंत दगडाने घासून झाल्यावर, सिलिंडर गरम पाणी आणि साबणाने धुवा. पेट्रोलने पुसल्यावर स्वच्छ दिसतो, पण दगडाची भुकटी रेघांमध्ये तशीच राहते. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरंच बाहेर आलं की धुणं झालं. लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर कोरड्या बिडावर तासाभरात गंज दिसू लागतो.

रिंगा तपासायची पद्धत सोपी आहे. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने वीसेक मिलिमीटर खाली सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ०.२० ते ०.३० असेल तर उत्तम. कमी असेल तर बारीक कानसीने एका टोकाला घासा. अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर ती रिंग त्या बोअरची नाही. त्यानंतर रिंग पिस्टनवर चढवून दाबा. खाचेतल्या पिनीभोवती तिची टोकं अडखळता कामा नयेत. किटमध्ये ही टोकं नीट कापलेली नसणं ही नेहमीची तक्रार. सर्क्लिप मात्र फेकूनच द्या. खाचेत बसताना टक् असा आवाज न करणारी सर्क्लिप चालत्या इंजिनात निसटते आणि सिलिंडर नेते. तिची किंमत चहाइतकीही नसते.

रॉडच्या संचात माल ठीक असू शकतो, कसोटी लागते ती तो बसवणाऱ्याची. येझदीचा क्रँक दाबून जोडलेला असतो. प्रेसखाली जुनी पिन काढून नवी दाबल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत आणावी लागतात. सेंटरवर धरून डायल गेज लावला, की दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर हेलकावा ०.०३ मिलिमीटरच्या आसपास असावा. ०.०५ च्या वर स्वीकारू नका. "हाताने बघून सरळ केलाय" असं सांगणाऱ्याकडे क्रँक देऊ नका. पॉइंटवाल्या गाडीत कॅम थेट क्रँकच्या टोकावर फिरतो. दांडा हेलकावत असेल तर ०.४ मिलिमीटरची पॉइंटची फट प्रत्येक फेरीला बदलते, स्पार्क इकडेतिकडे पळतो आणि तेच टोक पॉइंटच्या बाजूचं सीलही खातं. टायमिंग कधीच बसत नाही अशी तक्रार असलेल्या गाड्यांचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. रॉडच्या लहान टोकाच्या बुशचं रीमिंगही (भोक मापात आणणं) त्याच लेथवर, गजन पिन सोबत देऊन करून घ्या. पिन अंगठ्याने दाबून सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडता कामा नये.

गॅस्केटांमध्ये बेस गॅस्केट मापून घ्या. किटमधलं जुन्यापेक्षा जाड निघालं तर सिलिंडर तेवढा वर उचलला जातो, कॉम्प्रेशन पडतं आणि पोर्ट उघडण्याची वेळही बदलते. ट्रान्स्फर पोर्टच्या खिडकीत कागद डोकावत असेल तर ब्लेडने कापा. क्लच कव्हरच्या गॅस्केटची भोकं बहुधा जुळत नाहीत, ते अर्ध्या मिलिमीटरच्या ऑइल पेपरवर घरीच कापलेलं बरं. खोक्यावर जावा, क्लासिक, रोडकिंग अशी सगळ्या मॉडेलांची नावं एकत्र छापलेली असली तरी हुरळू नका. रोडकिंगचं डिझाइन वेगळ्या वंशाचं आहे, तेव्हा पिस्टन आणि गॅस्केट तुमच्या जुन्या भागाशेजारी ठेवूनच घ्या.

कॉर्क प्लेटा वापरता येतात, पण रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून. कोरड्या लावल्या तर जळतात. भिजवल्यावर गोंद सुटून एखादा कॉर्क हलू लागला, तर तो इंजिनात नाही, बशीतच सुटला याचा आनंद माना. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून बघा. डुलत असतील तर क्लच पूर्ण सुटणार नाही. येझदीत गिअरची लिव्हर पायाने दाबली तरी क्लच थोडा सुटतो, त्यामुळे वाकड्या प्लेटेचा दोष चालवताना लपतो आणि सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी पुढे ओढते. किक फिरवून गिअर होणाऱ्या त्या लिव्हरच्या स्प्लाइनचं (दांड्यावरच्या खाचांचं) आणि आतल्या किक स्प्रिंगचं किटमध्ये काहीच येत नाही. इंजिन उघडंच आहे तर तेही पाहून घ्या. यांच्यासाठी मात्र जुना कंपनीचा माल खरोखर चांगला, आणि तो पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलं तर अजून अधूनमधून हाती लागतो.

इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी दाब तपासा, ही पायरी कुठलाही किटवाला सांगत नाही. इनलेट आणि एक्झॉस्टची तोंडं रबर आणि पट्टीने बंद करा. येझदीला एक्झॉस्ट दोन असतात, दुसरं विसरू नका. प्लगच्या भोकातून दाबाचा काटा लावलेल्या सायकलच्या पंपाने ०.३ ते ०.४ बार हवा भरा. जास्त नको, सील उलटी पडतात. काटा पाचेक मिनिटं जवळजवळ हलता कामा नये. हलला तर साबणाचा फेस लावून फुगा कुठे येतो ते बघा: सील, बेस गॅस्केट, की क्रँककेसचा जोड.

पहिल्या पाचशे किलोमीटरला लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल, पूर्ण थ्रॉटल नाही, आणि पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने पुन्हा आवळायचे.

तरीही किटच घ्यायचं असेल, तर व्हर्नियर आणि फिलर गेज घेऊन दुकानात जा, तिथेच खोकं उघडा आणि पिस्टन, रॉड, क्लच प्लेटा एवढ्यांपुरता भाव तोडा. सील आणि बेअरिंग वजा करून द्यायला तयार होणारे पार्टवाले आहेत. नाही म्हणाला तर सुटा पिस्टन आणि सुटा रॉड संच घ्या. एकूण खर्च थोडा वाढतो, पण इंजिन पुन्हा उघडावं लागलं तर लेथवाल्याची मजुरीच त्याहून जास्त होते.