‘फुल मेटल’ आयर्नमॅन आणि मांडीतले नट

नागपुरात सेकंडहँड सुपरहिरो फिगर, म्हणजे शेल्फवर मांडायच्या सुपरहिरोंच्या प्रतिकृती, घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. विशेषतः ‘फुल मेटल, शिफ्टिंगमध्ये बॉक्स गेला, म्हणून स्वस्तात देतोय’ असा मेसेज तुम्हालाही आला असेल तर. मला आला होता. आयर्नमॅन मार्क ३ (त्याच्या चिलखताची तिसरी आवृत्ती), एकास सहा मापाचा, म्हणजे साधारण फूटभर उंच. मागितले सव्वीस हजार, ठरले बावीस.

हा भाव ऐकून कोणाचीही मान वळेल. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. बाहेरून नवी फिगर मागवायची तर मूळ किंमत एकीकडे आणि ड्यूटी, कुरिअर दुसरीकडे. म्हणून आपल्याकडे जुन्या मालाचा बाजार तेजीत आहे आणि त्यात ‘डायकास्ट’, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, म्हटलं की आकडा आपोआप चढतो.

विकणारा धरमपेठेत ट्रॅफिक पार्कजवळच्या एका कॅफेत भेटला. तिशीतला, बोलायला अदबशीर, सोबत बॅग. बॅगेतून फिगरच्या आधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा निघाला आणि एक गोल चुंबक. फिगर काट्यावर ठेवली, काटा सव्वा किलोच्या आसपास थांबला. मग चुंबक मांडीला लावलं, टक्कन चिकटलं. पोटरीला लावलं, तिथेही चिकटलं. ‘‘भाऊ, प्लास्टिक तर कोणीही घेते. हे हातात घ्या, मग बोला.’’ हातात घेतलं तर खरंच जड. लाल रंगाची चकाकी झकास, छातीतला दिवा लागत होता, बोटं हलत होती. तिथेच यूपीआयने पैसे दिले.

सगळी मेख त्या चुंबकात होती.

फिगरमधला डायकास्ट भाग लोखंडाचा नसतो, जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम मिसळतात, वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरतात. या मिश्रधातूला चुंबक चिकटत नाही. म्हणजे ज्या परीक्षेने तो माणूस माल खरा ठरवत होता, तीच परीक्षा माल खोटा असल्याचं सांगत होती. हे मला कळलं ते आमच्या शेजारच्या काकांकडून. ते हिंगणा एमआयडीसीत डायकास्टिंग खात्यात नोकरी करून रिटायर झाले. आयर्नमॅन कोण हे त्यांना आजही नीट माहीत नाही. त्यांनी चुंबक चिकटताना पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘‘जस्ताले चुंबक कधीपासून चिकटाले लागलं बाप्पा?’’

तोवर फिगरची एक मांडी उघडली होती. एप्रिल लागला तशी ती शेल्फवर डावीकडे कलायला लागली. आधी वाटलं पोझ चुकली असेल. सरळ केली की संध्याकाळपर्यंत पुन्हा कललेली. कमरेचा जॉइंट इतका सैल झाला की पाय नुसता लोंबत होता. मग एक दिवस मांडीच्या आतल्या बाजूची शिवण फाकली आणि आत राखाडी काहीतरी दिसलं. स्क्रू ड्रायव्हरने हळूच उचकटलं, तर एम-सीलच्या लगद्यात दाबून बसवलेले लोखंडी नट. इतवारीत लोहाओळीत किलोने मिळतात तसले. एकाच्या कडेला तांबूस गंज. लगद्यावर अंगठ्याचा ठसा तसाच उमटलेला. बाहेरचं कवच साधं एबीएस प्लास्टिक. चकाकी होती ती वरच्या रंगाची.

कापसाच्या गाडीवर पाणी मारून वजन वाढवण्याचा आपल्याकडचा जुना धंदा, तोच इथे चालला होता. एबीएसची घनता पाण्याच्या जवळपास, जस्ताच्या मिश्रधातूची त्याच्या सहापटीहून जास्त. प्लास्टिकची फिगर जड वाटायची तर आत काही ना काही कोंबावंच लागतं. पण प्लास्टिकचा जॉइंट प्लास्टिकच्या वजनासाठी बनवलेला असतो, त्यावर नट लादले की तो किती दिवस तग धरणार?

आता मूळ प्रश्न. धातू असला की फिगर चांगली होते का? माझं मत: आयर्नमॅनपुरती होते, आणि तीही धातू योग्य जागी असेल तर. पाऊल आणि पोटरी धातूची असली की वजन खाली राहतं, फिगर घट्ट उभी राहते. चिलखत धातूचं असण्यात मजाही आहे. जपानमध्ये १९७४ पासून ‘चोगोकिन’ नावाचे डायकास्ट भागांचे खेळण्यातले रोबो निघतात, त्यांचं आकर्षण हेच. पण खरी डायकास्ट फिगरही पूर्ण धातूची नसते. काही भाग धातूचे, बाकी प्लास्टिक. त्यामुळे ‘फुल मेटल’ म्हणणारा एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड.

धातूचे तोटे विकणारे सांगत नाहीत. धातूवरचा रंग कडांना टवका उडून जातो आणि खालून राखाडी धातू डोकावतो. वरचा भाग जड असेल तर घोट्यांवर ताण येतो. शेल्फवरून पडलीच, तर प्लास्टिकची फिगर एखादं बोट मोडून घेईल, धातूची खालच्या दोन फिगरही घेऊन जाईल. शिवाय जस्तात शिशाची भेसळ राहिली तर धातू आतूनच भेगाळतो, कालांतराने त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी खेळण्यातल्या गाड्या अशाच गेल्या. शुद्ध जस्ताचे मिश्रधातू १९२९ पासून बाजारात आहेत, पण स्वस्त नकली कारखान्यात कुठलं जस्त वापरलं, हे कोण तपासणार?

आणि स्पायडरमॅनला धातू कशाला? त्याचा पोशाख कापडाचा, खाली लवचीक शरीर. बॅटमॅनच्या पट्ट्याचं बकल धातूचं असलं तर छान, बाकी सगळा कापड आणि रबराचा खेळ. हे लिहायचं कारण, हाच माणूस सध्या ‘हेवी मेटल स्पायडरमॅन’ विकतोय. नाव बदललंय, पण फोटोतलं टेबल आणि काटा तेच.

मी त्याला उघड्या मांडीचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘‘भाऊ, मेटल म्हटलं होतं, मेटलच निघालं ना?’’ थोड्या वेळाने त्याने जाहिरात आणि जुने मेसेज डिलीट केले, मग मला ब्लॉक केलं. व्हिडिओ पाठवण्याआधी मी जाहिरात, चॅट आणि यूपीआयच्या पावतीचे स्क्रीनशॉट काढले होते. आता माझ्या हातात तेवढंच आहे.

घ्यायला जाल तेव्हा चुंबक तुम्हीच न्या. स्क्रू, पिना लोखंडी असतात आणि काही फिगरमध्ये चिलखताचे तुकडे बसवायला आत छोटी चुंबकं असतात, त्यामुळे एखाद्या ठिपक्यावर चिकटलं तर घाबरू नका. पण अख्ख्या मांडीवर, पोटरीवर जोरात चिकटलं तर उठून या. नखाने टिचकी मारा, पोकळ प्लास्टिकचा आवाज लपत नाही. धातू हाताला थंड लागतो ही परीक्षा नागपुरात हिवाळ्यातच करावी. मे महिन्यात खोलीच बेचाळीसवर असते, तिथे धातू प्लास्टिकपेक्षा गरम लागतो. शिवणीवर बोट फिरवा, पुन्हा चिकटवल्याचा गोंद खरखरतो. कंपनीच्या माहितीत कोणते भाग डायकास्ट आहेत ते दिलेलं असतं. ते वाचून विकणाऱ्याला विचारा, नेमके कोणते भाग धातूचे? उत्तर तोंडी घेऊ नका, मेसेजवर लिहून घ्या.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि माणूस गायब झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते. माल देऊन फसवलं असेल आणि विकणारा हाच धंदा करत असेल, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार गेली आहे. फिगर मी जोडलेली नाही, नट आतच आहेत. तुम्हीही असं काही उघडलंत तर राग आला तरी आतलं काढून फेकू नका, आधी व्हिडिओ काढा.