फरशीची पातळी आधी विचारणारे वायरमन

घराच्या वायरिंगचा अनुभव लिहितेय, तोही फक्त बोर्डांच्या उंचीपुरता. वायर कुठली, एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारे स्विच) कुठले, यावर सगळेच बोलतात. पण रोज हात जातो तो स्विचवर.

काम घेतलेल्या वायरमनदादांचा पहिला प्रश्न होता, "तयार फरशी कुठपर्यंत येणार?" कोबा आणि टाइल्स मिळून जमीन पन्नास-साठ मिलिमीटर सहज वर येते. उघड्या स्लॅबवरून माप धरलं की बोर्ड तेवढेच खाली बसतात. त्यांनी लेव्हल ट्यूब (समपातळी दाखवणारी पाण्याची नळी) घेऊन सगळ्या खोल्यांत तयार फरशीपासून बरोबर १ मीटरवर रेघ मारली आणि पुढची सगळी मापं त्या रेघेवरून घेतली. माप बॉक्सच्या मध्यापासून धरायचं हेही तेव्हाच ठरलं. दोन ओळींची मोठी प्लेट आणि छोटी प्लेट एकाच भिंतीवर असली तर तळापासून मापल्यावर त्या वरखाली दिसतात.

सासूबाई व्हीलचेअरवर असतात. दादांनी त्यांना रिकाम्या खोलीत भिंतीजवळ नेलं आणि म्हणाले, "आजी, खांदा न उचलता हात पोचेल तिथे बोट टेकवा." तिथेच खडूची खूण केली. स्विच नेहमी १२०० मिमीवर घेतात, आमच्याकडे ते १००० वर आले. उभ्या माणसालाही काही अडचण नाही, आणि मुलांना स्टूल लागत नाही. प्लगचे सॉकेट सर्रास ३०० वर ठेवतात, ते आम्ही ४५० वर घेतले. ब्रिटनच्या बांधकाम नियमांतही नव्या घरांसाठी स्विच-सॉकेट ४५० ते १२०० मिमी याच पट्ट्यात सांगितले आहेत. कंबर दुखणाऱ्या माणसाला हा दीडशे मिलिमीटरचा फरक लगेच कळतो. शिवाय कोपऱ्यात एकही सॉकेट नाही, कारण व्हीलचेअरची पावलं ठेवायची पट्टी आधी भिंतीला लागते आणि हात अलीकडेच राहतो. एसीचा सॉकेट वर आहे, पण त्याचा स्विच खाली बाकीच्या स्विचांसोबत.

ओट्यावरचे सॉकेटही छान जमलेत: सिंकपासून लांब आणि मिक्सरच्या मागे झाकले जाणार नाहीत इतके वर.

नाराजी आहे ती बेडरूमबद्दल. पलंगाशेजारचे सॉकेटही सरसकट ४५० वरच घेतले. साइड टेबल त्याहून उंच आहे, त्यामुळे चार्जर लावायला ते दर वेळी ओढावं लागतं. ७०० वर घेतले असते तर टेबलाच्या वर आले असते. टीव्हीचा सॉकेटही खालीच, त्यामुळे भिंतीवरच्या टीव्हीतून वायर लोंबते. इतक्या बारकाईने विचारणाऱ्या माणसाने फर्निचरची मापं मात्र विचारली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तरीही पुढचं काम त्यांनाच देईन. तुम्ही वायरमन कुणीही घ्या, वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडण्याआधी पलंग, टेबल आणि टीव्ही भिंतीवर खडूने काढून घ्या.